नवी एसएसडी बसवली, पण कॉम्प्युटर तिच्यावरून चालू होईना: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

नाशिकला सिडकोत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. "दादा, एसएसडी टाकली, पण त्याच्यावरनं चालूच होत नाही," हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर येतं. येणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा एसएसडीचा खोका आणि बिल असतं. माल खराब निघाला असं त्यानं ठरवलेलं असतं आणि एम. जी. रोडला जाऊन बदलून आणायची तयारी असते.

माझ्यापर्यंत आलेल्या अशा एसएसडींपैकी खरोखर खराब निघालेल्या फार थोड्या. बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते. मशीनला सुरू व्हायला लागणारी माहिती दुसरीकडेच पडलेली असते, नाहीतर मशीन भलत्या डिस्ककडे बघत असतं. त्यामुळे बदलून आणलेली दुसरी एसएसडीही तशीच वागते. मधल्या धावपळीत कुणीतरी "आता लागत नाही" म्हणून जुनी हार्डडिस्क फॉरमॅट करून टाकतं, आणि मग माझ्याही हातात काही उरत नाही. म्हणून पहिली विनंती: खालचं सगळं संपेपर्यंत जुनी हार्डडिस्क पुसू नका. काढून ठेवली तरी चालेल, पण त्यातलं काही उडवू नका.

आधी लक्षण ओळखा

'चालू होत नाही' या तीन शब्दांत पाच-सहा वेगवेगळे आजार असतात. पडद्यावर नेमकं काय दिसतं त्याचा मोबाइलवर फोटो काढा. अर्धं निदान तिथेच होतं.

- काळ्या पडद्यावर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' किंवा 'नो बूटेबल डिव्हाइस'. मशीनला सुरू होण्याजोगं काही सापडलेलं नाही.
- मशीन दर वेळी थेट बायोसच्या, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या, पडद्यावर जाऊन थांबतं. अर्थ तोच.
- मशीन चालू होतं, पण जुन्याच हार्डडिस्कवरची विंडोज उघडते.
- जुनी हार्डडिस्क जोडलेली असली की एसएसडीवरची विंडोज चालते, ती काढली की काहीच नाही. सगळ्यात जास्त फसवणारं लक्षण हेच.
- विंडोजची खूण येते, गोल फिरतं आणि निळा पडदा येतो: 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'.
- बायोसमध्ये एसएसडीचं नावच दिसत नाही.
- आठवडाभर छान चालतं, एके दिवशी बिघडतं, सेटिंग केलं की पुन्हा आठवडाभर चालतं.

नवी कोरी एसएसडी 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही म्हणूनही बरेच जण घाबरतात. ते लक्षण नाही. कोऱ्या डिस्कवर अजून विभागच पाडलेले नसतात, त्यामुळे ती तिथे दिसणार नाही. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, तिथे दिसेल.

कॅबिनेट न उघडता

आधी मागे-पुढे लावलेले पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची हार्डडिस्क सगळं काढा. की-बोर्ड आणि माउस तेवढे ठेवा. मशीन सुरू होताना ठरलेल्या क्रमाने एकेका डिस्कला विचारत जातं, आणि विंडोजचा पेनड्राइव्ह रांगेत पुढे असेल तर तिथेच अडकतं. एवढ्यावर सुटलेल्या तक्रारी मी पाहिल्या आहेत.

मग बूट मेनू. मशीन चालू केल्या केल्या एक बटण टकटक दाबत राहायचं. डेल, लेनोवो आणि गिगाबाइटला एफ१२, एचपीला एफ९, आसूसच्या मदरबोर्डला एफ८, एमएसआयला एफ११. पडद्यावर यादी येते. त्यात एसएसडीचं नाव किंवा 'विंडोज बूट मॅनेजर' दिसत असेल तर ते निवडून बघा. यानं कायमचं काहीच बदलत नाही, त्या एका वेळेपुरतं होतं, म्हणून हा प्रयोग अगदी निर्धोक आहे. इथून विंडोज उघडली तर एसएसडी चांगली, विंडोज चांगली, फक्त क्रम चुकलेला. बायोसमध्ये जाऊन (बहुतेक मशीनना डिलीट किंवा एफ२, एचपीला एफ१०) 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या नंबरला आणा, एफ१० दाबून सेव्ह करा, काम झालं.

यादीत एसएसडी आहे, पण निवडल्यावर काळा पडदा येतो, तर बिघाड डिस्कवर काय लिहिलं आहे त्यात आहे. यादीत एसएसडी नाहीच, तर बायोसच्या पहिल्या पानावर किंवा स्टोरेजच्या पानावर तिचं नाव आहे का ते पाहा. तिथे नाव असूनही बूटच्या यादीत नसेल तर थेट 'यूईएफआय की लेगसी' या भागावर जा. तिथेही नाव नसेल तर आता कॅबिनेट उघडायचं.

घड्याळाकडे एक नजर टाका

बायोसमध्ये आहात तोवर तारीख-वेळ बघून घ्या. ती काही वर्षं मागे असेल तर मदरबोर्डवरचा सेल गेला आहे. नाण्याएवढा गोल सेल असतो, नंबर सीआर२०३२, तीन व्होल्टचा. एका मिसळीच्या पैशात येतो.

हा सेल साधा वाटतो, पण 'पुन्हा पुन्हा तेच होतं' या तक्रारीच्या मुळाशी मला सगळ्यात जास्त वेळा हाच सापडला आहे. कॉम्प्युटर बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असतं तोवर एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातून, मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि सेटिंग टिकतात. मेन स्विच बंद झाला की सगळा भार सेलवर येतो. सेल मेलेला असेल तर बायोस कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातो. तुम्ही लावलेला बूटचा क्रम गेला, यूईएफआयचं (मशीन सुरू करायच्या पद्धतीचं) सेटिंग गेलं, साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोडही गेला.

कॉलेज रोडच्या एका हिशेबनिसांच्या ऑफिसातली गोष्ट सांगतो. जुन्या हार्डडिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, एसएसडीवर केलेली होती आणि जुनी डिस्क 'असू दे बॅकअपला' म्हणून आतच जोडलेली होती. शनिवारी संध्याकाळी मेन स्विच बंद करून सगळे घरी जायचे. एका सोमवारी मशीन चालू केलं आणि क्रम बदलल्यामुळे जुन्या हार्डडिस्कवरची विंडोज उघडली. डेस्कटॉप तोच, फोल्डर तेच, टॅलीही तेच, कारण प्रतच ती. फक्त मशीन हळू वाटत होतं. त्या ताईंनी तीन दिवस नोंदी केल्या. गुरुवारी कुणीतरी बूटचा क्रम बरोबर केला आणि तीन दिवसांच्या नोंदी 'गायब' झाल्या. त्यांचा रडवेला आवाज मला अजून आठवतो. नोंदी गेल्या नव्हत्या, जुन्या डिस्कवर बसल्या होत्या. त्या परत आणून जुळवायला अख्खा दिवस गेला, आणि मूळ दोष होता एक सेल.

मल्टिमीटर असेल तर सेल काढून मोजा. तीन व्होल्टच्या आसपास हवं. २.८ च्या खाली गेला असेल तर बदला. मशीन सात-आठ वर्षांचं असेल तर न मोजताच बदला. सेल काढण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, कारण सेल काढताच सगळी सेटिंग मूळपदावर जातील. आणि मशीनला बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) लावलेला असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय सेललाही हात लावू नका आणि खालची बायोसची सेटिंगही बदलू नका. सेटिंग बदलल्यावर विंडोज ती की मागू शकते. ऑफिसचं मशीन असेल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज ११ चालू केली असेल, तर बिटलॉकर आहे का ते आधी तपासा. तुम्ही न सांगताही तो लागलेला असू शकतो.

कॅबिनेट उघडून

विजेची वायर भिंतीवरच्या बोर्डातून काढा, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला.

अडीच इंची साटा एसएसडीला दोन केबल लागतात: रुंद पॉवरची आणि अरुंद डेटाची. दोन्ही काढून पुन्हा बसवा, डेटा केबलला बारीक पत्र्याची क्लिप आहे का बघा. क्लिप असलेली केबल बसताना 'टिक' आवाज येतो. विनाक्लिपच्या जुन्या केबल टेबलावर चालतात, पण स्कूटरवर पायात कॅबिनेट ठेवून सिन्नरपर्यंत जायचं म्हटलं की रस्त्यातच सैल होतात. दुकानात चालणारं मशीन घरी नेल्यावर चालत नाही, याचं कारण शंभरातल्या पन्नास वेळा तरी मला इथेच सापडतं. केबल बदलून बघा, मदरबोर्डवरचा पोर्ट बदलून बघा, पॉवरसाठी दुसरं टोक वापरून बघा. जोड केबलने पॉवर दिलेली असेल तर ती काढून सरळ एसएमपीएसची केबल लावा.

एम.२ एसएसडी, म्हणजे च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी, तिरकी आत सरकवायची आणि दाबून स्क्रूने बसवायची. सोनेरी टोकांचा जाड पट्टा बाहेर दिसत असेल तर ती पूर्ण गेलेली नाही. इथे खरी अडचण वेगळीच असते. एम.२ हा नुसता आकार आहे. त्या आकारात साटा एसएसडीही येते आणि एनव्हीएमईही. काही स्लॉट एकच जात ओळखतात. चुकीची जात बसते छान, स्क्रूही लागतो, पण बायोसला दिसत नाही. खाचा मोजून जात ठरवू नका, एसएसडीवरचं लेबल आणि मदरबोर्डचं मॅन्युअल वाचा. त्याच मॅन्युअलमध्ये आणखी एक ओळ शोधा: कित्येक बोर्डांवर एम.२ स्लॉट वापरला की एखाद-दोन साटा पोर्ट बंद पडतात. नवी एसएसडी बसवली आणि जुनी हार्डडिस्क दिसेनाशी झाली, तर हार्डडिस्क दुसऱ्या पोर्टला लावा.

यूईएफआय की लेगसी

जुनी पद्धत लेगसी, तिच्या जोडीला एमबीआर पद्धतीची विभागणी. नवी पद्धत यूईएफआय, तिच्या जोडीला जीपीटी. विंडोजसाठी जोडी जुळली पाहिजे. एमबीआर डिस्क असेल आणि बायोसमध्ये 'सीएसएम' (जुनी लेगसी पद्धत चालू ठेवणारं सेटिंग) बंद असेल, तर डिस्क दिसेल पण बूटच्या यादीत येणार नाही.

ही जोडी बहुतेक वेळा विंडोज टाकतानाच मोडते. बूट मेनूत विंडोजचा एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो: एकदा नावाआधी 'यूईएफआय' लिहिलेला, एकदा नुसता. नुसता निवडला की विंडोज लेगसी पद्धतीने बसते. पुढे विंडोज ११ साठी सिक्युअर बूट चालू करायला कुणी सीएसएम बंद करतं आणि मशीन सुरू होईनासं होतं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून या कारणाने येणारी मशीन वाढली आहेत.

तपासायला आधी सीएसएम पुन्हा चालू करून बघा. विंडोज उघडली तर निदान पक्कं. मग डेटाची प्रत काढून ठेवून 'एमबीआरटूजीपीटी' या विंडोजमधल्याच साधनाने डिस्कची विभागणी जीपीटीत बदलता येते. ते आधी 'व्हॅलिडेट' करून चालवायचं, ते होकार देईल तरच पुढे जायचं.

सुरुवातीची माहिती जुन्याच डिस्कवर राहिलेली

आता त्या फसव्या लक्षणाकडे येऊ: जुनी हार्डडिस्क काढली की मशीन बंद. इथे एसएसडीला दोष देणं सगळ्यात सोपं वाटतं, आणि सगळ्यात चुकीचंही तेच ठरतं.

विंडोज सुरू व्हायला दोन गोष्टी लागतात. एक, विंडोजचं मोठं फोल्डर. दोन, ते फोल्डर कुठे आहे हे सांगणारा छोटासा विभाग, साधारण शंभर एमबीचा. यूईएफआय पद्धतीत त्याला ईएफआय विभाग म्हणतात. विंडोज टाकताना जुनी हार्डडिस्क जोडलेली असेल आणि तिच्यावर असा विभाग आधीच असेल, तर नवी विंडोज तोच वापरू शकते. मोठं फोल्डर एसएसडीवर जातं, पत्ता सांगणारा विभाग हार्डडिस्कवरच राहतो. दोन्ही जोडलेल्या असेपर्यंत काहीच कळत नाही. मग वर्षभराने जुनी हार्डडिस्क मरते, आणि चांगल्या एसएसडीवरची चांगली विंडोज उघडत नाही.

खात्री करायला दोन्ही डिस्क जोडून मशीन चालू करा आणि 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. प्रत्येक विभागाखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. 'बूट' लिहिलेल्या विभागात विंडोज असते आणि 'सिस्टीम' लिहिलेल्या विभागातून मशीन सुरू होतं. नावं उलटी वाटतात, पण आहेत तशीच. 'सिस्टीम' हा शब्द फक्त जुन्या डिस्कच्या ओळीत दिसला, एसएसडीच्या ओळीत नाही, तर दोष सापडला.

विंडोज काल-परवाच टाकली असेल तर माझा सल्ला सरळ आहे: मशीन बंद करा, जुन्या हार्डडिस्कची डेटा केबल काढा, एकटी एसएसडी ठेवून विंडोज पुन्हा टाका. तासाभराचं काम, आणि दोष मुळातून जातो. मी प्रत्येक नवं मशीन असंच करतो, कितीही घाई असली तरी. आत एकच डिस्क असली की चुकायला जागाच राहत नाही.

विंडोजवर सगळं काम बसवलेलं असेल आणि पुन्हा टाकणं परवडत नसेल, तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून चालू करून शिफ्ट आणि एफ१० दाबा. काळी खिडकी उघडते. तिथे 'डिस्कपार्ट'ने एसएसडीवरचा विंडोजचा विभाग थोडा लहान करून शेजारी ईएफआय विभाग बनवायचा, फॅट३२ ने फॉरमॅट करायचा, त्याला एक अक्षर द्यायचं, आणि 'बीसीडीबूट'ने विंडोजच्या फोल्डरमधून सुरुवातीच्या फायली तिथे लिहायच्या. इथे दोन सावधानता. या खिडकीत सी ड्राइव्ह सी असेलच असं नाही, कित्येकदा डी किंवा ई होतो, म्हणून आधी आत काय आहे ते बघून खात्री करा. आणि डिस्कपार्टमध्ये 'सिलेक्ट डिस्क' केल्यावर डिस्कचा आकार दोनदा वाचा. 'क्लीन' हा शब्द लिहून एंटर दाबलं की निवडलेल्या डिस्कची सगळी विभागणी त्या क्षणी जाते, ते विचारतसुद्धा नाही. हा परिच्छेद वाचताना हात थरथरत असेल तर इथेच थांबा आणि जाणकाराला द्या.

क्लोन करणाऱ्यांची चूकही हीच: फक्त सी ड्राइव्हची प्रत काढतात आणि छोटे विभाग मागे राहतात. क्लोन नेहमी पूर्ण डिस्कचा करा. आणि क्लोननंतर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढूनच. दोन हुबेहूब डिस्कची ओळखखूण एकच असते, त्यामुळे विंडोज त्यातली एक बाजूला टाकते.

निळा पडदा, आणि न दिसणारी एनव्हीएमई

'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं तर साटाचा मोड पाहा. एएचसीआय आणि रेड (RAID) असे दोन मोड असतात. विंडोज एएचसीआयमध्ये टाकली आणि बायोस रेडवर गेला, किंवा उलटं झालं, की हा पडदा येतो. काही ब्रँडेड मशीनची मूळ सेटिंग रेडच असते, म्हणजे सेल गेला की हेही घडतं. मोड पूर्वीसारखा करा, विंडोज उघडेल.

विंडोज टाकताना डिस्कची यादी रिकामी येते, पण बायोसमध्ये एसएसडी दिसते, असं इंटेलच्या नव्या मशीनवर होतं. ११व्या पिढीपासून पुढे काही मशीनमध्ये व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतो आणि विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो. ड्रायव्हर पेनड्राइव्हवर टाकून द्या किंवा व्हीएमडी बंद करा. आत आधीच विंडोज असेल तर मात्र बंद करू नका, वरचाच निळा पडदा येईल.

आणि एच६१, एच८१ असले जुने बोर्ड. पीसीआय-ई कार्डावर एनव्हीएमई लावून लोक घेऊन येतात. विंडोजमध्ये ती छान दिसते, पण तिच्यावरून मशीन सुरू होत नाही, कारण त्या बायोसला एनव्हीएमई ही भाषाच येत नाही. बायोसमध्ये फेरफार करून काही जण चालवतात. मी गिऱ्हाइकाच्या मशीनवर ते करत नाही. अशा बोर्डाला साधी साटा एसएसडी घ्या. हार्डडिस्कवरून आल्यावर तिचाही वेग पुरेसा जाणवतो.

इथे थांबा

जुन्या हार्डडिस्कमधून कट-कट आवाज येत असेल आणि त्यात एकुलता एक डेटा असेल, तर मशीन लगेच बंद करा. 'एकदा क्लोन करून बघतो' म्हणून पुन्हा चालू केलेल्या डिस्क माझ्यासमोर कायमच्या गेल्या आहेत. ती माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याकडेही नको, डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या.

बिटलॉकरची की सापडत नसेल तर काहीच फॉरमॅट करू नका. आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आणि ऑफिसच्या आयटीवाल्याकडे शोधा.

बायोस अपडेट करावा लागणार असं दिसलं तर यूपीएसशिवाय करू नका. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. जळका वास, एसएमपीएसमधून आवाज, किंवा चांगली केबल आणि दुसरा पोर्ट लावूनही एसएसडी मध्येच दिसते मध्येच नाही, यातलं काही असेल तर घरच्या घरी पुढे जाऊ नका. एसएमपीएस तर कधीच उघडू नका, वायर काढल्यावरही आत वीज साठलेली असते.

दुरुस्तीला आणताना दोन्ही डिस्क, एसएसडीचं बिल, पडद्याचे फोटो, आणि तुम्ही काय काय बदललंत त्याची कागदावर यादी आणा. काही बिघडवलं असेल तर तेही लिहा. कुणी रागावणार नाही, आणि आमचा अर्धा दिवस वाचेल.